चरबीचा उतरता क्रम

१९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १३ पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स काढल्या. प्रयोगाआधी आणि नंतर त्यांच्या पोटावरच्या, पाठीवरच्या आणि नितंबांवरच्या चरबीचे नमुने सुईने काढून तपासले गेले. पोटाच्या स्नायूंनी एवढे कष्ट उपसल्यावर तिथल्या चरबीपेशी जास्त आकसायला हव्या होत्या. तसं झालं नाही. तिन्ही ठिकाणच्या पेशी साधारण सारख्याच प्रमाणात लहान झाल्या. त्याआधी, १९७१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले होते. वर्षानुवर्षं रॅकेट चालवणारा हात घेराने मोठा भरला, पण कातडीखालचा चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच निघाला. इतक्या जुन्या निष्कर्षांनंतरही ‘पोटासाठी हा व्यायाम, मांड्यांसाठी तो’ ही वाटणी जिमच्या तक्त्यापासून मोबाइलवरच्या व्हिडिओंपर्यंत सगळीकडे चालू आहे. घाम आणणारे कमरपट्टे विकले जातात, आणि दोन महिन्यांत पोट जागचं हललं नाही की माणूस व्यायामच सोडून देतो. मला या सगळ्यात हे सोडून देणं सर्वांत मोठं नुकसान वाटतं. कारण व्यायामाने कमरेची चरबी खरोखर उतरते. कुठली आधी आणि कुठली नंतर, हे मात्र शरीर ठरवतं, आणि शरीराने ठरवलेला क्रम आपल्या हिताचा आहे.

हे असं का होतं ते चरबीच्या वाटचालीतून कळतं. व्यायाम सुरू झाला की ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं रक्तातून सगळ्या शरीरभर पोचतात आणि ठिकठिकाणच्या चरबीपेशींना साठा मोकळा करायला सांगतात. सुटलेली मेदाम्लं पुन्हा रक्तातच उतरतात, आणि काम करणारा स्नायू त्यांतून हवी तेवढी उचलतो. पोटाचा स्नायू जे इंधन जाळतो ते मांडीवरून आलेलं असू शकतं, दंडावरूनही. शेवटी ही चरबी जाते कुठे, याचा हिशेब २०१४ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मांडला: १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी बाहेर टाकणारा मुख्य अवयव फुप्फुस. कमरपट्ट्याखाली जो घाम निथळतो तो रक्तातलं पाणी कमी करतो, आणि दोन पेले पाणी प्यायल्यावर ते वजन परत येतं.

यावर जाणकार वाचक एक आक्षेप घेईल आणि तो घेण्याजोगा आहे. २००७ मध्ये कोपेनहेगनच्या संशोधकांनी दाखवलं की काम करणाऱ्या स्नायूलगतच्या चरबीत रक्तप्रवाह आणि चरबी मोकळी होण्याचा वेग, दोन्ही थोडे वाढतात. २०२३ मध्ये नॉर्वेत १६ स्थूल पुरुषांवर १० आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यात पोटाचे स्नायू दीर्घकाळ, दमसास वाढेल अशा रीतीने वापरणाऱ्या गटाची धडावरची चरबी नुसतं पळणाऱ्या गटापेक्षा थोडी जास्त उतरली. तेव्हा ‘जागेपुरती चरबी मुळीच उतरत नाही’ असं ठासून सांगणं आता बरोबर नाही. पण माणसं मोजकी आहेत, आणि परिणाम आरशात दिसण्याइतका मोठा नाही. शिवाय तो प्रयोगही लांबलचक, दम लागणाऱ्या व्यायामाचा होता. झोपण्यापूर्वी काढलेल्या वीस क्रंचेसचा नव्हता. त्यामुळे मूळ मुद्द्याला धक्का लागत नाही.

आता कंबर आणि नितंब. ‘कमरेखालची हट्टी चरबी’ असं म्हणताना आपण दोन अगदी निराळ्या ऊतींना एकाच पिशवीत घालतो. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातले डॉक्टर झां वाग यांनी १९४७ मध्येच हा भेद मांडला होता. चरबी पोटावर साठणाऱ्या माणसांत मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार जास्त, नितंब-मांड्यांवर साठणाऱ्यांत कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यामागची रचना पुढे उलगडत गेली. चरबीपेशीच्या पृष्ठभागावर ॲड्रेनॅलिनचे दोन तऱ्हेचे ग्राही असतात: बीटा ग्राही साठा सोडायला लावतात, अल्फा-२ ग्राही तो धरून ठेवायला लावतात. स्त्रियांच्या नितंब-मांड्यांच्या चरबीत दुसऱ्या प्रकारचं पारडं जड असतं, म्हणून व्यायामाचा इशारा मिळूनही ती हळू सुटते. हा शरीराचा दोष नव्हे. हा साठा अपत्यजन्माच्या काळासाठी राखलेला आहे. स्तनपानाच्या काळात तोच मांड्यांवरचा साठा एरवीपेक्षा सहज मोकळा होतो. इतकंच नाही, जेवणानंतर रक्तात आलेला मेद ही चरबी शोषून घेते आणि सांभाळून ठेवते, त्यामुळे तो यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत जाऊन साचत नाही. सारख्याच वजनाच्या दोन स्त्रियांत जिची चरबी नितंबांवर आहे तिची प्रकृती साधारणपणे जास्त सुरक्षित असते. ज्या चरबीला तरुण मुली सर्वांत जास्त शत्रू मानतात, ती त्यांची राखण करणारी आहे, हे त्यांना कोणीतरी वेळेवर सांगायला हवं. निव्वळ ती घालवण्यासाठी उपाशी राहून घेतलेले कष्ट मला अन्यायाचे वाटतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झालं की नवा साठा पोटाकडे वळू लागतो. काळजी करायचीच तर ती तेव्हाच्या पोटाची करावी.

पोटातही दोन थर आहेत. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. तिच्या आत, स्नायूंच्या भिंतीपलीकडे, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ असते ती अंतस्थ चरबी. अधिक अपाय करते ती ही. २००४ मध्ये अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची चरबी लायपोसक्शनने काढली. सरासरी सुमारे १० किलो चरबी गेली, पण इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातला मेद, काहीच सुधारलं नाही. व्यायामाचं काम याच्या बरोबर उलट चालतं. आतली चरबी त्याच्या इशाऱ्याला लवकर दाद देते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये काढलेला एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: वजन अजिबात कमी झालं नाही तरी व्यायामाने अंतस्थ चरबी सरासरी ६.१ टक्क्यांनी घटते. आहाराच्या बाबतीत, वजन तेवढंच राहिलं तर हीच घट १.१ टक्के. २०१९ मध्ये कोपेनहेगनला यामागचा एक दुवाही सापडला. आकुंचन पावणारे स्नायू इंटरल्युकिन-६ नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. १२ आठवडे सायकल चालवणाऱ्यांपैकी काहींना संधिवातावरचं एक औषध देऊन या प्रथिनाचं काम रोखलं, तेव्हा त्यांची अंतस्थ चरबी उतरलीच नाही. वजनकाटा हलत नाही म्हणून निराश होणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवं. काट्याला स्नायू, पाणी, चरबी सगळं सारखंच. आतून झालेला बदल त्याला दिसत नाही. तो थोडाफार कळतो शिंप्याच्या टेपला. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजायचं. दर महिन्याला एकदा पुरे.

‘मी तर बारीक आहे, मला याचं काय?’ हा प्रश्न आपल्याकडे विशेष धोक्याचा आहे, आणि त्याचं उत्तर पुण्यातूनच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं शेजारीशेजारी छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेल्या अभ्यासातून दिसलं की हे जन्मापासूनच आहे: तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी, पण चरबी त्या मानाने टिकवून ठेवलेली. म्हणून भारतीयांसाठी कमरेची मर्यादा खाली धरली जाते: पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, असा माणूस आपल्या ओळखीत हटकून असतो. त्याला ‘वजन कमी कर’ सांगून भागत नाही. त्याचे स्नायू कमी आहेत, ते वाढवावे लागतील.

वजन व्यायामापेक्षा आहाराने उतरतं, हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करते. तासभर झपाझप चालून साधारण ६० किलो वजनाच्या व्यक्तीचे २०० ते २५० कॅलरी खर्च होतात, आणि एका मोठ्या बेसन लाडवातून जवळपास तेवढ्याच परत येतात. निव्वळ वजन उतरवायचं असेल तर ताट आधी बघावं लागतं. मात्र फक्त ताट आखडून उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा जातो, आणि आपल्याकडे तेच भांडवल मुळात तोकडं. व्यायामाशिवायच्या आहाराने कंबर बारीक होईल, पण त्या कमरेवरचा माणूस अशक्त राहील.

मग कोणता व्यायाम? मोठे स्नायू वापरणारा आणि दम लावणारा. मांड्या, नितंब, पाठ, छाती हे शरीरातले मोठे खर्चिक स्नायू आहेत; पोटाचे स्नायू पातळ आणि लहान. म्हणून कंबर उतरवायला बैठका क्रंचेसपेक्षा जास्त उपयोगी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले, त्या व्यायामात जवळजवळ सगळे मोठे स्नायू एकामागून एक कामाला लागतात. तो वेगाने आणि सलग घातला तर दमही चांगला लागतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम. न केल्याची किंमतही मोजली गेली आहे: ड्यूक विद्यापीठाच्या एका अभ्यासात व्यायाम न करणाऱ्या गटाची अंतस्थ चरबी काही महिन्यांतच ८.६ टक्क्यांनी वाढली, आणि आठवड्याला सुमारे १९ किलोमीटर चालण्याइतक्या व्यायामाने ही वाढ थांबली. एक अपवाद लक्षात ठेवावा. बाळंतपणानंतर बरेच महिने पुढे राहिलेलं पोट दर वेळी चरबीचं नसतं. पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेवर एकमेकांपासून दुरावलेले असतात. अशा वेळी सिट-अप्सचा मारा करू नये, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

‘आम्ही दिवसभर घरात राबतो, तोच आमचा व्यायाम’ हे वाक्य आपल्या घरांत फार ऐकू येतं, आणि ते बोलणाऱ्या बाईचा थकवा खरा असतो. खाली बसून फरशी पुसणं किंवा पाण्याच्या कळश्या वाहणं यात श्वास वाढतो, तेवढं जमेस धरायला हवं. पण ओट्यापाशी दोन तास उभं राहून पोळ्या, भाज्या, डबे, भांडी करण्याने पाय भरून येतात, कंबर धरते. दम लागत नाही आणि मोठ्या स्नायूंवर वाढता भारही पडत नाही. थकवा येतो, व्यायाम होत नाही. आणि मग दिवसात वेळ उरत नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार देशातल्या ८१.२ टक्के स्त्रिया घरची विनामोबदला कामं करत होत्या आणि त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. पुरुषांत ही कामं करणारे २६.१ टक्के, आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटं. आठवड्याच्या १५० मिनिटांची रोजची वाटणी जेमतेम २२ मिनिटं होते. चाळिशीपुढच्या बाईच्या कमरेचा घेर या २२ मिनिटांवर अवलंबून आहे, आणि ती पहाटे अर्धा तास आणखी लवकर उठून काढायची नाहीत. तेवढ्या पोळ्या, तेवढी भांडी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आजपासून आपल्याकडे घ्यायची आहेत.