तेर येथील लामतुरे संग्रहालयातील प्राचीन काच : निर्मितीतंत्र, व्यापारी संदर्भ आणि ओळखीच्या कसोट्या

सारांश

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे प्राचीन 'तगर' नगर होय. येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तू संग्रहालयातील मृण्मय मूर्ती व हस्तिदंती स्त्रीप्रतिमा यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने काचेचे मणी उपेक्षित राहिले. प्रस्तुत लेखात काच घडविण्याच्या पद्धती, त्या ओळखण्याच्या खुणा, तेरच्या काचेचा व्यापारी संदर्भ आणि संदर्भरहित संग्रहातून निष्कर्ष काढताना येणाऱ्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. अमेरिकेतील फुंकीव व दाबीव काचेच्या संग्रहांशी तुलना केल्यास या मर्यादा अधिक स्पष्ट होतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : तेर, तगर, काचमणी, फुंकीव काच, दाबीव काच, सातवाहन, रोमन व्यापार, जतन.

१. प्रस्तावना

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव सर्वसामान्यांना संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते सातवाहनकालीन व्यापारी नगर म्हणून ज्ञात आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आणि टॉलेमीच्या भूगोलात 'तगर' या नगराचा उल्लेख येतो. हे तगर म्हणजेच तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये सप्रमाण मांडली. पुढे शिलाहार राजांनी 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरविले, यावरून या नगराची कीर्ती किती काळ टिकून होती याची कल्पना येते.

तेरच्या पांढरीतून पावसाळ्यात मणी, नाणी व खापरे वर येतात. अशा वस्तू वर्षानुवर्षे जमवून रामलिंगप्पा लामतुरे यांनी हजारो पुराणवस्तूंचा संग्रह उभा केला व तो पुढे शासनाच्या स्वाधीन झाला. एका गावातील एका व्यक्तीच्या ध्यासातून उभे राहिलेले असे संग्रहालय महाराष्ट्रात विरळाच. या संग्रहातील काच लहान आकाराची असल्याने प्रेक्षकाची नजर तिच्यावर क्वचितच स्थिरावते. वस्तुतः काच ही मानवाने अग्नीच्या साहाय्याने निर्माण केलेली कृत्रिम वस्तू असल्याने तिच्यात कारागिराचे तंत्र, कच्च्या मालाचे मूळ आणि व्यापाराचे मार्ग या तिन्हींचा पुरावा एकवटलेला असतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) काच घडविण्याच्या प्रमुख पद्धती व त्यांच्या खुणा स्पष्ट करणे.
२) तेरच्या काचेचा देशी व परदेशी व्यापाराशी असलेला संबंध तपासणे.
३) संग्रहातील काचेच्या अभ्यासाच्या मर्यादा व जतनाचे प्रश्न मांडणे.

३. काचेचे घटक

काच मुख्यतः तीन घटकांपासून बनते. वाळूतील सिलिका हा तिचा मुख्य घटक होय. केवळ वाळू वितळविण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते व ते प्राचीन भट्टीच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून हे तापमान खाली आणणारा सोडा किंवा पोटॅश यांसारखा क्षार वाळूत मिसळला जाई. मात्र केवळ वाळू व क्षार यांची काच पाण्यात विरघळते. चुना तिला स्थैर्य देतो. प्राचीन काळी हा चुना बहुधा वाळूतील शिंपल्यांतून किंवा अन्य अशुद्धींतून आपोआप मिसळला जाई.

रंग धातूंच्या संयुगांमुळे येतो. कोबाल्टमुळे गर्द निळा, मँगनीजमुळे जांभळा व लोहामुळे हिरवट रंग येतो. तांब्याचे वर्तन विशेष लक्षणीय आहे. भट्टीत हवा खेळती असेल तर तांबे निळा-हिरवा रंग देते आणि हवा रोखली तर तेच तांबे अपारदर्शक विटकरी लाल रंग देते. लाल मणी तयार करणाऱ्या कारागिराला भट्टीतील हवेवर नियंत्रण ठेवण्याचे कौशल्य अवगत होते, असा निष्कर्ष यातून निघतो.

४. घडविण्याच्या पद्धती व त्यांच्या खुणा

४.१ ओढीव व गुंडाळीचे मणी : मणी घडविण्याच्या दोन पद्धती विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिल्या पद्धतीत तापलेल्या काचेचा पोकळ गोळा ओढून लांब बारीक नळी तयार करतात, तिचे तुकडे पाडतात आणि ते राखेत पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोल करतात. आंध्र प्रदेशातील पापानायडूपेट येथे ही परंपरा आधुनिक काळापर्यंत टिकून राहिली. दुसऱ्या पद्धतीत धातूच्या सळीभोवती वितळलेल्या काचेचा धागा गुंडाळून एकेक मणी घडवितात. भिंगाखाली हा भेद सहज ध्यानात येतो. ओढीव मण्यातील हवेचे बुडबुडे छिद्राला समांतर लांबलेले असतात, तर गुंडाळीच्या मण्यात ते छिद्राभोवती वळलेले दिसतात. काही मण्यांत काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा पातळ वर्ख बसविलेला असतो.

४.२ फुंकीव काच : पोकळ नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन तो फुंकरीने फुगविण्याची युक्ती इ. स. पू. पहिल्या शतकात पूर्व भूमध्य समुद्राच्या किनारपट्टीवर शोधली गेली. तोवर काचपात्र ही श्रीमंतांची वस्तू होती. या युक्तीमुळे ती रोमन जगात सर्वसामान्यांच्या घरी पोहोचली. अशा पात्राची भिंत पातळ असते व बुडबुडे फुगवट्याच्या दिशेने ताणलेले असतात. पात्राला आधार देणारी सळी तोडल्याची खरबरीत खूण अनेकदा तळाशी राहते.

४.३ साच्यातील काच : फुंकण्याची कला रूढ होण्यापूर्वीच काच साच्यावर किंवा साच्यात घडविली जात असे. बाहेरून उभ्या कण्या असलेले रोमन वाडगे याच परंपरेतील होत. त्यांचे तुकडे तक्षशिला, अरिकमेडू व केरळातील पट्टणम् येथे मिळाले आहेत.

५. तगरचा व्यापार आणि काच

'पेरिप्लस'नुसार बॅरिगाझा म्हणजे भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर होते व तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर होते. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून साधे कापड व तलम वस्त्रे गाड्यांतून भडोचला जात. तगर हे समुद्रकिनाऱ्यावरील प्रदेशांतून आलेल्या मालाचेही केंद्र होते. थोडक्यात, या नगराला पूर्व व पश्चिम अशा दोन्ही दिशांना दारे होती.

भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी त्याच ग्रंथात दिली आहे. तीत मद्य, तांबे, कथील, शिसे व पोवळे यांच्यासोबत कच्च्या काचेचाही उल्लेख आहे. हा उल्लेख अत्यंत महत्त्वाचा ठरतो. परदेशातून केवळ तयार वस्तूच येत नव्हत्या. काचेचे गोळेही येत आणि त्यांना आकार भारतीय कारागीर देत. म्हणजे एखाद्या मण्याची काच भूमध्य प्रदेशातील आणि घडण दख्खनमधील असू शकते. 'हा मणी रोमन की भारतीय?' हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न त्यामुळे दोन प्रश्नांत विभागावा लागतो : काच कोठे वितळली, आणि मणी कोठे घडला?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भिंग देते, पहिल्याचे रसायनशास्त्र. रोमन काचेसाठी इजिप्तमधील नेट्रॉन हा खनिज सोडा वापरला जाई. तिच्यात मॅग्नेशियम व पोटॅशियम यांच्या ऑक्साइडांचे प्रमाण प्रत्येकी साधारणतः दीड टक्क्याहून कमी असते आणि ॲल्युमिना दोन ते तीन टक्क्यांच्या आसपास असते. याउलट भारतात जमिनीवर फुटणारा क्षार व स्थानिक वाळू यांपासून केलेल्या काचेत ॲल्युमिनाचे प्रमाण बहुधा पाच टक्क्यांहून अधिक आढळते. वनस्पतींच्या राखेपासून केलेल्या काचेत मॅग्नेशियम वाढते. लेसर किरणांच्या साहाय्याने अतिसूक्ष्म नमुना घेऊन हे पृथक्करण आता वस्तूला डोळ्यांना दिसेल अशी इजा न करता करता येते.

तेरच्या परदेशी संबंधांविषयी लिहिताना येथील हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचा दाखला नेहमी दिला जातो. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई येथे १९३८ मध्ये तशाच घडणीची प्रतिमा मिळाली व भोकरदन येथेही तिचे साधर्म्य दाखविणारी प्रतिमा आढळली. हा दाखला यथार्थ आहे. परंतु त्याच्या आधारे तेरची सर्व काच परदेशी ठरविणे उचित नव्हे. पाँपेईच्या प्रतिमेवरून वस्तू भारताकडून रोमकडे गेल्याचे दिसते. काचेचा प्रवास उलट दिशेने झाला असेल, पण ते स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल.

६. तुलना : अमेरिकेतील दाबीव काच

या संदर्भात अमेरिकेतील काचसंग्रहांशी तुलना उद्बोधक ठरते. १८२० च्या दशकात तेथे वितळलेली काच लोखंडी साच्यात दट्ट्याने दाबून भांडी तयार करण्याचे यंत्र प्रचारात आले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सँडविच येथे डेमिंग जार्विस यांनी १८२५ मध्ये सुरू केलेला कारखाना या तंत्रासाठी प्रसिद्ध झाला. थंड साच्याच्या स्पर्शाने काचेवर सुरकुत्या पडत. त्या लपविण्यासाठी साच्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी कोरली जाई आणि काच जाळीदार लेससारखी दिसे. आज संग्राहक ज्या नक्षीचे कौतुक करतात, तिचा उगम तंत्रातील एका उणिवेत आहे. १८६४ मध्ये विल्यम लेटन यांनी शिशाऐवजी सोडा व चुना वापरून स्वच्छ काच तयार करण्याची सुधारित कृती सिद्ध केली आणि दाबीव काच अधिकच स्वस्त झाली.

महाराष्ट्रातही या तंत्राचा औद्योगिक अध्याय आहे. पैसाफंडाच्या वर्गणीतून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचकारखाना उभा राहिला, तर १९१६ मध्ये कराडजवळ ओगले काचकारखान्याची स्थापना झाली. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोहोचला.

अमेरिकी दाबीव पात्रावर साच्याच्या जोडाची रेघ असते, तर फुंकीव पात्राच्या तळाशी सळीची खूण असते. या खुणांखेरीज एकस्वे, मालाच्या छापील याद्या व कारखान्यांच्या जागी मिळालेले तुकडे अभ्यासकाच्या हाताशी असतात. तरीही लोकप्रिय नमुन्यांच्या पुढे अनेक नकला झाल्या व केवळ रूपावरून वस्तूचे वय ठरविणे धोक्याचे ठरले. जेथे दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या, कागदपत्रांचा आधार असलेल्या काचेची ही स्थिती आहे, तेथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या निनावी मण्याबाबत किती सावधगिरी हवी, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

७. तेरच्या संग्रहाच्या मर्यादा

तेर येथे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरही येथे उत्खनने झाली. उत्खननात मिळालेल्या मण्याला थर असतो आणि थराला काळ असतो. पांढरीवर वेचलेल्या मण्याला केवळ गाव असते. तेर येथे वस्ती सातवाहनकाळानंतरही चालू राहिली असल्याने पृष्ठभागावर मिळालेला मणी सातवाहनकालीनच असेल असे गृहीत धरता येत नाही. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी व नेवासे येथील उत्खननांत बहुरंगी काचेच्या बांगड्या बहमनी काळाच्या थरांत मिळाल्या. याचा अर्थ, दख्खनमधील काचेच्या इतिहासात सातवाहनकाळाइतकाच मध्ययुगाचाही वाटा आहे.

असे असले तरी लामतुरे यांचा संग्रह निरुपयोगी ठरत नाही. तो नसता तर यांतील बहुतेक वस्तू विकल्या अथवा हरवल्या गेल्या असत्या. थर असलेल्या मण्यांशी त्यांचे आकार, घडण व रासायनिक घटक ताडून पाहिल्यास त्यांचा काळ पुष्कळ अंशी निश्चित करता येईल. मो. गं. दीक्षित यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय काचेच्या इतिहासावरील ग्रंथात अशा तौलनिक अभ्यासाची पायवाट घालून दिली आहे.

८. जतनाचे प्रश्न

काच टिकाऊ वाटते, परंतु ती अविनाशी नाही. ओलाव्यामुळे तिच्यातील क्षार हळूहळू बाहेर झिरपतात आणि पृष्ठभागावर इंद्रधनुष्यी रंगाचे पापुद्रे तयार होतात. अनेकदा हे पापुद्रे मूळ झळाळी समजून कौतुकाने पाहिले जातात, तर कधी मळ समजून घासून काढले जातात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पापुद्रा हा मूळ पृष्ठभागाचाच अवशेष असतो आणि तो निघाला की घडणीच्या खुणाही नष्ट होतात. मराठवाड्यातील कोरडा उन्हाळा व दमट पावसाळा यांतील चढउतार काचेला विशेष बाधक ठरतो. कपाटातील आर्द्रता वर्षभर शक्यतो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर ठेवणे, मण्यांना पाणी न लावणे आणि नव्या दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा न करणे, ही पथ्ये अल्प खर्चात पाळता येण्याजोगी आहेत. वेगवेगळ्या काळांतील मणी एका माळेत ओवले की पाहणाऱ्याच्या मनात त्यांचा एक खोटाच इतिहास तयार होतो.

९. निष्कर्ष

१) काचेची निर्मिती आणि वस्तूची घडण या भिन्न क्रिया असून तेरच्या काचेचा विचार करताना त्या स्वतंत्रपणे तपासल्या पाहिजेत.
२) कच्च्या काचेच्या आयातीचा लिखित पुरावा उपलब्ध असल्याने 'परदेशी काच, देशी कारागिरी' ही शक्यता विचारात घेणे आवश्यक आहे.
३) रूपसाम्य हा दुय्यम पुरावा होय. थर व रासायनिक पृथक्करण यांची जोड मिळाल्याशिवाय कालनिश्चिती करू नये.
४) मण्याचे माप, रंग, छिद्र, बुडबुड्यांची दिशा व मोठे केलेले छायाचित्र यांची नोंद परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास व रसायनशास्त्र विभाग विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करू शकतील.
५) पांढरीवर मिळालेल्या वस्तूची जागा नोंदविण्याची सवय ग्रामस्थांत रुजविणे हे जतनाचे पहिले पाऊल होय. दरवर्षीच्या पावसात उघडा पडणारा पुरावा नोंदीअभावी कायमचा नाहीसा होतो.

तगरच्या बाजारातील वस्त्रे काळाच्या ओघात नष्ट झाली, गाड्यांच्या वाटा बुजल्या. काचेचे मणी मात्र उरले. तांदळाएवढ्या मण्यातही एका नगराच्या उद्यमाची साक्ष सामावलेली असते. ती वाचण्यासाठी लागणारी पहिली साधने म्हणजे एक भिंग आणि एक नोंदवही. ही दोन्ही प्रत्येक महाविद्यालयात उपलब्ध आहेत.