इनामगाव ते रायगड : आधी कागदावरचे उड्डाण

रायगडाभोवती विमानाने एक फेरी मारायची असेल, तर ती किती उंचीवरून, किती वेगाने आणि गडापासून किती अंतरावरून मारावी? प्रश्न गमतीचा वाटेल. पण ज्या शाळेत तीन-चार संगणक आहेत तिथे तो खरोखर विचारता येतो. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे विमान चालवण्याचा आभास निर्माण करणारी आज्ञावली. 'फ्लाइटगिअर'सारख्या काही आज्ञावल्या विनामूल्य मिळतात आणि जोडलेल्या संगणकांवर चार विमाने एकाच आकाशात उडवता येतात. मात्र ती मुलांच्या हाती नुसती सोपवली, तर पाच मिनिटांत चारही विमाने सह्याद्रीवर आदळलेली असतात. म्हणून सहल आधी कागदावर आखायची. माझ्या मते खरा धडा तिथेच आहे. पडद्यावरचे उड्डाण हा त्याचा पडताळा.

समजा, आपली शाळा शिरूर किंवा दौंड तालुक्यात, इनामगावच्या परिसरात आहे. सुरुवात इनामगावपासूनच करू. तिथे धावपट्टी नाही, पण सिम्युलेटरमध्ये विमान थेट हवेत उभे करता येते! नकाशावर इनामगाव ते रायगड सरळ रेष ओढली तर अंतर सुमारे १२२ किलोमीटर भरते. रायगडापूर्वीची शिवाजी महाराजांची राजधानी म्हणजे राजगड. ती या रेषेच्या सात-आठ किलोमीटर दक्षिणेला पडते. दोन्ही राजधान्या पाहायच्या म्हणून राजगडावरून वळून गेलो, तर किती वाढ होईल? मुले बहुधा पंधरा किलोमीटर म्हणतील. पायथागोरसचा सिद्धान्त वापरून पाहा, वाढ जेमतेम दोन किलोमीटरची निघते. लांबलचक त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते खरी, पण किती, हे आकडे मांडल्याशिवाय जाणवत नाही.

ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर, या वेगाने १२४ किलोमीटरला ४१ मिनिटे लागतात. आपला तास संपून घंटा होते आणि रायगड अजून समोर दिसायचा असतो. वेग वाढवावा का? इथे वळणाचे गणित आडवे येते.

विमान वळताना आतल्या बाजूला कलते. पंखांवरचे उचलणारे बल त्यामुळे तिरके होते आणि त्याचा आडवा घटक अभिकेंद्री बलाचे काम करतो. त्यावरून वळणाची त्रिज्या मिळते : वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरण आणि कलाच्या कोनाचा टॅन यांच्या गुणाकाराने भागायचे. कल ३० अंश धरला तर सेकंदाला ५० मीटर वेगाने त्रिज्या साधारण ४४० मीटर येते. वेग ताशी ५०० किलोमीटर केला तर तीच त्रिज्या ३,४०० मीटर होते. रायगडाचा माथा जेमतेम दोन-अडीच किलोमीटर लांब. वेगवान जेट विमानातून गड म्हणजे दूरवरचा एक ठिपका! तेव्हा वेग कमीच ठेवावा आणि दोन तास घ्यावेत. पहिल्या तासाला इनामगाव, दुसऱ्या तासाला विमाने राजगडाजवळ हवेत उभी करून पुढचा प्रवास.

आता उलट प्रश्न. गडाच्या मध्यापासून दीड किलोमीटर त्रिज्येची प्रदक्षिणा हवी असेल तर विमान किती कलवावे? उत्तर येते सुमारे १० अंश. परीघ साडेनऊ किलोमीटर, म्हणजे फेरीला तीन मिनिटांहून किंचित अधिक. रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर आहे. आपण ३०० मीटर वर, म्हणजे ११२० मीटरवर असू, तर माथा नजरेखाली साधारण ११ अंशांवर येतो. कल १० अंश आणि नजर ११ अंश, म्हणजे गड नेमका पंखाच्या टोकाच्या दिशेला! पंख खिडकीच्या खाली असलेले विमान घेतले तर ज्यासाठी एवढा खटाटोप केला तोच गड पंखाआड जातो. सेस्ना १७२ सारखे, डोक्यावर पंख असलेले विमान यासाठीच निवडायचे.

राजगडाहून निघाल्यावर वाटेत तोरणा लागतो. तो १४०० मीटरहून थोडा उंच, म्हणून तिथे १७०० मीटरवर राहायचे. पुढे रायगडापर्यंत २० किलोमीटरांत ५८० मीटर उतरायचे. सेकंदाला दीड मीटर. इतका हलका उतार की कोणाच्या लक्षातही येणार नाही. वैमानिक डावीकडे बसतो, म्हणून गडही डावीकडेच हवा. पूर्वेकडून येऊन, गडाच्या उत्तरेने जाऊन फेरी डावीकडे वळवावी. भवानी टोक, टकमक टोक, हिरकणी बुरूज या क्रमाने दिसतील. वेळ दुपारी चारची ठेवावी. सकाळी पश्चिमेचे कडे सावलीत असतात.

चार विमानांत पाऊण मिनिटाचे, म्हणजे सव्वादोन किलोमीटरांचे अंतर ठेवावे आणि प्रत्येकाला आधीच्यापेक्षा १५० मीटर अधिक उंची द्यावी. हे कशासाठी, ते मुलांनीच शोधावे. एकाचा वेग ताशी फक्त १० किलोमीटर जास्त झाला, तर तो दर फेरीला सुमारे ५०० मीटर जवळ येतो आणि पाचव्या फेरीत पुढच्याला गाठतो. सापेक्ष वेगाचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. प्रत्येक संगणकामागे चौघे असावेत : एकाच्या हाती विमान, एकाकडे नकाशा, एकाकडे घड्याळ आणि एक नोंदी लिहिणारा.

एवढ्या तयारीनंतर पडद्यावर जे दिसते ते काय आहे, हाही प्रश्न वर्गात यायलाच हवा. बऱ्याच सिम्युलेटरांतील डोंगर २००० सालच्या फेब्रुवारीत 'एन्डेव्हर' या अवकाशयानाने रडारने केलेल्या मोजणीवर आधारलेले असतात. त्या मोजणीत जमिनीवर सुमारे ३० मीटरांच्या चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीला उंचीचा एकच आकडा. काही आज्ञावल्या याहून विरळ, ९० मीटरांच्या चौकटी वापरतात. मग ३० मीटर उंचीच्या उभ्या कड्याचे काय होते? पहिल्या प्रकारात तो ४५ अंशांचा उतार होतो, दुसऱ्यात अवघ्या १८ अंशांचा. अशा उतारावर शेळ्या चरतील! दरवाजे बंद झाल्यावर हिरकणी कडा उतरून गेली ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पडद्यावरचा रायगड पाहून एखादा विद्यार्थी म्हणेल, "यात काय विशेष, मीही उतरलो असतो." त्याला हसू नये. त्याने आकड्यांचा रायगड बरोबर वाचला आहे. पण ज्या ताशीव कड्यांमुळे ही जागा राजधानीसाठी निवडली गेली आणि १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला, ते कडेच या चित्रातून निसटले आहेत. ज्यांना हे सांगितले गेले नाही त्यांच्या मनात एक चुकीचा, गुळगुळीत रायगड कायमचा बसेल.

ज्या आज्ञावल्या जमिनीवर उपग्रहाची छायाचित्रे पसरवतात, त्यांत आणखी एक गंमत सापडते. असे बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातात, त्यामुळे चित्रात सकाळच्या सावल्या आधीच असतात. आपण चारची वेळ लावली की संगणकाच्या सूर्याच्या सावल्या दुसऱ्या बाजूला पडतात. एकाच गडावर दोन सूर्य! मुलांना ते शोधून काढू द्यावेत.

आणि इनामगाव? घोड नदीच्या उजव्या काठावरच्या त्या टेकाडांचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तपाहून अधिक काळ केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली : आधीची चौकोनी घरे, नंतरच्या काळातील गोल झोपड्या, धान्याचे कोठार, पाटाचा कालवा आणि बांध, आणि कोठाराजवळ पाच खोल्यांचे एक मोठे घर, जे गावप्रमुखाचे असावे असे अभ्यासक मानतात. राजधानी हा शब्द फार मोठा होईल, पण सत्ता आणि धान्यकोठार शेजारी असण्याची रीत रायगडाच्या कितीतरी आधीची दिसते. पहिल्या तासाला विमान तिथे घिरट्या घालेल तेव्हा यातले काहीही दिसणार नाही. टेकाडे काही मीटरच उंच आणि उंचीच्या आकड्यांतली चूकही काही मीटरांचीच. टेकाड त्या चुकीत बुडून जाते. खऱ्या विमानातून, कलत्या उन्हात, कमी उंचीचे उंचवटेही लांब सावल्यांमुळे उठून दिसतात. ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये याच युक्तीने जुन्या वस्त्या शोधल्या. पण जी उंची आकड्यांतच नाही, तिची सावली संगणकाने कोठून आणावी?

इनामगाव मात्र जवळ आहे. तिसऱ्या तासाची गरज पडली तर दिवस मावळायच्या आधी तासभर मुलांना टेकाडाकडे न्यावे. काही उचलायचे नाही, काही उकरायचे नाही. एक मीटरची काठी उभी धरून तिची सावली मोजावी आणि सूर्याचा कोन काढावा. तो १५ अंशांवर आला की सावली काठीच्या पावणेचार पट होते. मग जमिनीकडे पाहावे आणि जे उंचवटे त्या वेळी नव्याने दिसू लागतील ते पडद्यावरून उतरवून आणलेल्या आराखड्यावर पेन्सिलीने भरावेत.