पगारपत्रक आणि हजेरीपट

वेतन ही वस्तू मोठी चमत्कारिक आहे. देणाऱ्याच्या खतावणीत ती खर्चाच्या बाजूला मांडली जाते, घेणाऱ्याच्या घरात तिच्यावर महिना निघतो, आणि ज्या वाण्याकडे त्या घराची उधारी असते त्याच्या दृष्टीने ती उद्याची विक्री असते. या तिघांपैकी पहिल्याचेच गाऱ्हाणे अर्थव्यवहाराच्या चर्चेत मोठ्याने ऐकू येते. मजुरी वाढली की माल महागतो, माल महागला की खप घटतो आणि अखेरीस मजुराचेच काम जाते, हा त्याचा युक्तिवाद ऐकणाऱ्यालाही सहज पटतो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण तो किती अपुरा आहे हे पाहावयाचे असेल, तर मागेल त्याला काम देऊ पाहणाऱ्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेइतके बोलके उदाहरण मला तरी दुसरे आढळलेले नाही.

त्या योजनेचा धागा शहरातल्या पगारपत्रकापासूनच निघतो. शहरातल्या नोकरदाराच्या हाती जो पगार पडतो, तो मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता यांची बेरीज होऊन आणि भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकर इत्यादी कपाती वजा होऊन. या कपातींत व्यवसाय कर नावाची एक किरकोळ रक्कम असते. तिची वार्षिक कमाल मर्यादा संविधानानेच पूर्वी २५० रुपये ठरवली होती. १९८८ साली ती २,५०० झाली आणि तेथेच थांबली, त्यामुळे दरमहा तीस हजार मिळवणारा कारकून आणि तीस लाख मिळवणारा व्यवस्थापक हे दोघेही राज्याला सारखेच अडीच हजार देतात. महाराष्ट्राने हा कर १९७५ साली बसवला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करावा म्हणून. मोटारी, विक्री व बागायत जमीन यांवरील ज्यादा आकारणीही याच कामी लावण्यात आली, आणि जेवढा वसूल होईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी अशी तरतूद झाली. आपल्या पगारातून गेलेले पैसे दुसऱ्या कोणाची तरी मजुरी होऊन बाजारात फिरत होते, याची कल्पना नोकरदारांपैकी फारच थोड्यांना असेल.

या योजनेमागचा विचार वि. स. पागे यांचा; सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, १९६९ च्या सुमारास त्यांनी तो करून पाहिला. १९७१ साली वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतीय दारिद्र्याची मीमांसा करताना ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढण्याचाच आग्रह धरला होता. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि विचाराची निकड सर्वांनाच पटली. कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

या कामावरची मजुरी ठरे कशी, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पाझर तलाव असो की नालाबांध, मजुरी रोजावर नसून मापावर असे. म्हणजे काम उक्ते. साधारण शक्तीच्या माणसाने सात तास मन लावून काम केले तर शेतमजुराच्या किमान मजुरीइतके पैसे त्याला सुटावेत, या हिशेबाने दरपत्रक बांधलेले होते. नरम मातीला एक दर, मुरमाला दुसरा, खडकाला तिसरा, आणि माती किती दूर व किती उंच वाहून न्यायची त्याप्रमाणे त्यांत फरक. पुरुषांनी खणावे, स्त्रियांनी घमेली वाहावी, खड्ड्याच्या मध्ये मूळ जमिनीची उंची दाखवणारा मातीचा एक उंचवटा राखून ठेवावा, आणि मोजणीच्या दिवशी ओव्हरसियरने त्याच्याशी टेप लावून घनमाप काढावे, अशी ती रीत. माप टोळीचे, आणि दर मातीचा असल्यामुळे ती बाईने उचलली की पुरुषाने, हा प्रश्नच दरपत्रकाला पडत नसे. शेतावर बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी ठेवणे जेथे सर्वांना स्वाभाविक वाटे, तेथे या नीरस सरकारी कागदाने केवढी क्रांती केली! या कामांवर स्त्रियांची एवढी गर्दी का झाली, याचे एक कारण येथे सापडते.

आता अर्थव्यवस्थेवरील परिणाम. ज्याच्या घरात उद्याचे धान्य नाही त्याला मिळालेला रुपया पेटीत राहत नाही; तो आठवडे बाजारात ज्वारी, तेल, मीठ आणि चहापूड यांवर जातो, दुकानदाराची उधारी फिटते आणि दुकानदार पुन्हा माल भरतो. मात्र बाजारात ज्वारीच नसेल तर वाढलेला रुपया केवळ भाव चढवतो. १९७२ च्या दुष्काळात कामांबरोबर रेशनवर परदेशी मिलो ज्वारी आणून वाटावी लागली ती यासाठीच. मजुरीला धान्याची जोड नसेल तर ती नुसती आकड्यांची वाढ होते, हे शहरातला महागाई भत्ताही सहामाहीगणिक सांगत असतो. फरक एवढाच की नोकरदाराचा भत्ता निर्देशांकाबरोबर चढतो, तर १९४८ च्या किमान वेतन कायद्याने मजुराचे किमान दर पाच वर्षांपर्यंत न बदलण्याची मुभा सरकारला होती.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. गावाजवळ हमीचे काम चालू असले की शेतमजुराला नकार देता येतो, आणि ज्याला नकार देता येतो त्याच्याशीच भाव ठरवावा लागतो. ऐन पेरणीत मजूर मिळत नाहीत ही बागायतदारांची तक्रार म्हणूनच मला योजनेच्या यशाची पावती वाटते. अर्थात कोरडवाहू छोट्या शेतकऱ्याच्या तोंडी तीच तक्रार आली, तर ती इतकी हसण्यावारी नेता येणार नाही.

दुष्काळी कामावरही किमान मजुरीहून कमी देणे म्हणजे वेठबिगार, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली राजस्थानच्या एका प्रकरणात दिला होता. महाराष्ट्रात शेतमजुरीचे किमान दर १९८८ साली जवळजवळ दुप्पट झाले आणि हमीचा दर त्यांना बांधलेला असल्याने तोही चढला. त्यानंतर कामांवरील हजेरी घटली. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे कारण शोधले: दर वाढला, पण मागेल त्याला काम देण्याऐवजी कामच मोजूनमापून वाटले जाऊ लागले. म्हणजे गाऱ्हाणे करणाऱ्या त्या पहिल्या माणसाचे भाकीत खरे ठरले. मात्र ते बाजाराच्या नियमाने नव्हे, तर पैशाची तरतूद दराच्या मानाने न वाढवणाऱ्या दप्तराने खरे करून दाखवले. पुढे केंद्राचा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा आला, आणि जानेवारी २००९ मध्ये केंद्राने त्याखालील मजुरी राज्यांच्या किमान दरापासून तोडून स्वतंत्र ठरवली. काही काळाने ती शेतमजुरांच्या निर्देशांकाला जोडून मजुरालाही महागाई भत्त्यासारखे काहीतरी मिळाले खरे. परंतु अनेक राज्यांत हमीच्या कामावरचा दर त्याच राज्याने शेतमजुरासाठी ठरवलेल्या किमान दराखाली राहिला.