पाणी मावळतीला, माणसं उगवतीला

दिवाळी उलटली की नाशिकच्या पेठ फाट्यावर पहाट लवकर होते. पेठ-सुरगाण्याकडून भरून आलेल्या जीपमधून माणसं उतरतात, बहुतेक जोडप्यानं. बोचक्यात अंथरूण, वर बांधलेला तवा, नागलीच्या पिठाची गोणी, बाईच्या कडेवर मूल. भात आणि नागली कापून, झोडपून, घरात ठेवून ती निघालेली असतात. थोड्या वेळात बागायतदाराची पिकअप येते. रोज किती, की एकरानं ठेका, याची बोलणी होतात आणि टोळी दिंडोरी, पिंपळगाव, निफाडच्या वाटेला लागते. ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेल्या बागांमध्ये आता फेलफुटी काढायच्या, मग विरळणी, घड बुडवून डिपिंग आणि जानेवारीपासून काढणी. परदेशी जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षाचा प्रत्येक घड या हातांतून गेलेला असतो. जिल्ह्याचा भूगोल समजून घ्यायचा तर मी नकाशाआधी हा फाटा दाखवेन.

कारण नकाशा आणि सरासरी दोन्ही फसवतात. क्षेत्रफळ साधारण १५,५३० चौरस किलोमीटर, म्हणजे चार गोवे सहज मावतील. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६१,०७,१८७. युरोपातल्या बल्गेरिया या अख्ख्या देशाची लोकसंख्या २०२१ च्या मोजणीत ६५ लाखांच्या आसपास होती आणि तो देश आपल्या जिल्ह्याच्या सातपट मोठा आहे. आपल्याकडे चौरस किलोमीटरला ३९३ माणसं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ३९३ माणसांचा तो सरासरी चौरस किलोमीटर जिल्ह्यात शोधायला निघालात तर फार हिंडावं लागेल.

तालुके पंधरा. त्यांतल्या नाशिक आणि मालेगाव या दोनच तालुक्यांत २७ लाख माणसं, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. दुसऱ्या टोकाला पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर. तिन्ही मिळून ४ लाख ६४ हजार, शंभरात आठसुद्धा नाहीत. पेठ आणि सुरगाणा या दोन तालुक्यांची एकत्र लोकसंख्या तीन लाखांना टेकत नाही. एकट्या मालेगाव शहरात त्याहून कितीतरी जास्त लोक राहतात.

आता यावर पावसाचा नकाशा ठेवून पाहा. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकही धो धो भिजतात. तिथून पूर्वेला सरकत जा. निफाडपर्यंत पाऊस निम्म्याहून खाली येतो आणि येवला, नांदगाव, मालेगावकडे पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक साल बरं म्हणतात. जिथे पाऊस भरपूर तिथे माणसं विरळ, जिथे पाऊस कमी तिथे वस्ती दाट. हे कोडं सुटतं ते सह्याद्रीच्या माथ्यावर. त्र्यंबकच्या डोंगरात पडलेल्या पावसाचा एक वाटा गोदावरी होऊन चौदाशे किलोमीटरवरच्या बंगालच्या उपसागराकडे निघतो, दुसरा वैतरणा होऊन जेमतेम ऐंशी किलोमीटरवरच्या अरबी समुद्राकडे उतरतो. पेठच्या वाटेवर सावळ घाट उतरला की दमणगंगा, नार, पार यांचा प्रदेश सुरू होतो. उतार तीव्र, माती पातळ, खाली बेसॉल्टचा कातळ. पाणी मुरतही नाही, थांबतही नाही. जून ते सप्टेंबर ज्या पाड्यावर ऊन दिसत नाही, त्याच पाड्यावरची बाई एप्रिलमध्ये झऱ्याच्या खड्ड्यापाशी वाटीवाटीनं हंडा भरत बसते. मला या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी वेदना हीच वाटते.

पूर्वेची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाऊस कमी, पण जमीन काळी, सपाट आणि नदी अडवण्याजोगी. बागलाणात मोसम आणि गिरणेच्या खोऱ्यात शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीवर बुटका बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी गावानं नेमलेल्या पाटकऱ्यानं सोडायचं. थोड्या पाण्यावर दाट वस्ती जगवण्याची ही रीत. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्याला लोक आद्याक्षरं जोडून ‘कसमादे’ म्हणतात. सरकारी दप्तरात असा तालुका नाही, पण बाजारात, लग्नाच्या बैठकीत आणि निवडणुकीत तो पक्का असतो. घरात अहिराणी, कचेरीत मराठी. आणि कसमादेच्याच मालेगावात मोसमकाठी उर्दू. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून निघालेले मोमीन विणकर इथे स्थिरावले, हातमागाचे पुढे यंत्रमाग झाले.

इंग्रजांनी खानदेश आणि अहमदनगरचे तुकडे जोडून १८६९ मध्ये हा जिल्हा केला. सुरगाणा तेव्हा संस्थान होतं, ते १९४८ मध्ये आत आलं. म्हणजे कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल यांचा डोंगर आणि कांदा-द्राक्षांचा देश एका कचेरीखाली आले. जिल्ह्यात अनुसूचित जमातींची माणसं चारांत एक आहेत, पण पेठ-सुरगाण्यात जवळपास सगळीच. नगदी पिकं, गिरण्या, कारखाने मात्र १८६५ मध्ये थळ घाट चढून आलेल्या रेल्वेच्या आणि मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेनं वाढले. त्या रेषेपासून डोंगर दूरच राहिला.

मावळतीला जाणारं पाणी उगवतीला वळवावं, ही मागणी जुनी. नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारनं २०२४ मध्ये मंजुरी दिली. पाणी उपसून, बोगद्यातून गिरणेत सोडायचं आहे. कसमादे आणि जळगावला ते हवंच आहे, त्यांची तहान खोटी नाही. पण ज्या डोंगरातून ते उचललं जाईल तिथल्या पाड्यांना आधी प्यायला मिळालं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. माणसं तर तिथून आधीच पूर्वेला वळली आहेत, त्यांना बोगदा लागला नाही.

बल्गेरियात डॅन्यूबकाठच्या विदिनसारख्या प्रांतातून माणसं गेली ती परतली नाहीत. तिथली खेडी ओस पडली. आपल्या डोंगरातली घरं चार-पाच महिने बंद असतात आणि होळीला उघडतात. शिमग्याला माणूस कुठेही असो, पाड्यावर येतो. नंतर बोहाड्याचे मुखवटे निघतात.

मोजणी मात्र होळीच्या आधी होते. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, ऐन द्राक्षकाढणीत. पुढचीही २०२७ च्या फेब्रुवारीतच आहे आणि होळी मार्चच्या उत्तरार्धात. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी आलाच नाही, त्याची नोंद तो असेल तिथे करायची, असा नियम. म्हणजे सुरगाण्याच्या बंद दाराशी गेलेल्या प्रगणकापेक्षा निफाडच्या प्रगणकावर जबाबदारी जास्त. त्यानं बागायतदाराच्या बंगल्यावर थांबून परत फिरू नये. बागेच्या कडेला, औषधांच्या रिकाम्या ड्रमांशेजारी, ताडपत्रीची झोपडी असते. संध्याकाळी सातनंतर गेलं की चुलीवर नागलीची भाकरी असते आणि सगळे घरात सापडतात.