बुटाचा नंबर, लेदरचा शिक्का आणि आपला पाय

चपला-बुटांच्या दुकानात शिरल्यावर बहुतेक पुरुष पहिलं वाक्य एकच बोलतात: "आठ नंबर दाखवा." हा नंबर विशीत कधीतरी ठरलेला असतो आणि पन्नाशीपर्यंत तोच चालतो. मधल्या काळात वजन वाढतं, तळव्याची कमान थोडी बसते, पाय रुंदावतो, किंचित लांबतोही. नंबर मात्र बदलत नाही. मग बूट चावतो आणि दोष कंपनीला, लेदरला, नाहीतर स्वतःच्या पायाला दिला जातो. रोजच्या बुटांबद्दलचे आपले बरेचसे गैरसमज खोक्यावर छापलेल्या शब्दांवर भरवसा ठेवल्यामुळे रुजले आहेत: नंबर, 'जेन्युइन लेदर', 'वॉटरप्रूफ', 'मेमरी फोम'. बूट सोयीचा आणि टिकाऊ निघतो तो मात्र दोन गोष्टींवर, आपला पाय आणि आपण चालतो ती जमीन. त्या दोन्हींबद्दल खोकं काहीच सांगत नाही.

"माझा नंबर आठ, म्हणजे कुठलाही आठ बसणार"

आपल्याकडे चालतो तो नंबर ब्रिटिश पद्धतीचा. त्यात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो. युरोपीय नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरने वाढतो. त्यामुळे ब्रिटिश 8 आणि युरोपीय 42 जवळपास एकच. दोन्हींचा अर्थ सुमारे 28 सेंटिमीटर लांबीचा फर्मा. ज्यावर चढवून बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा म्हणजे फर्मा. पुरुषांच्या बुटांचा अमेरिकी नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा साधारण एकाने पुढे असतो. ऑनलाइन मागवताना 'यूएस 8' निवडला की हातात आपला सात पडतो, तो यामुळेच.

हा आकडा फर्म्याच्या लांबीचा आहे, पायाच्या नाही. बोटांपुढे किती जागा मोकळी सोडायची, पुढचा भाग निमुळता करायचा की गोल, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. रुंदी तर आपल्याकडच्या खोक्यावर बहुधा छापलेलीच नसते, आणि नेमकी तिथेच अडचण येते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीय पाय तुलनेने रुंद असल्याचं त्यातून दिसलं आणि 'भा' नावाची भारतीय मापपद्धती प्रस्तावित झाली. आपले पाय विचित्र नसतात. ज्या फर्म्यावर बूट बनला तो दुसऱ्या कुणाच्या पायावरून बेतलेला असतो.

रुंद पायाचा माणूस यावर एक उपाय काढतो: एक नंबर मोठा घेतो. करंगळीला आराम मिळतो खरा, पण दुसरीकडे बिघडतं. बूट एका ठरावीक जागी वाकतो आणि ती जागा चवड्याच्या सांध्याखाली यायला हवी. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी 1920च्या दशकात तयार केलेलं पायाचं माप घेण्याचं उपकरण आजही वापरात आहे. ते लांबी आणि रुंदी तर मोजतंच, शिवाय टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतरही मोजतं. लांबी वाढवून घेतलेल्या बुटात ही वाकण्याची जागा पुढे सरकते. मग बुटाची घडी बोटांवर पडते, टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जाते आणि फोड येतात. रुंद पायासाठी लांब बूट हा उतारा नाही. पुढून रुंद फर्म्याचा बूट शोधावा, मग त्यासाठी दुकान किंवा ब्रँड बदलावा लागला तरी चालेल.

घरी करून पाहण्यासारखी गोष्ट साधी आहे. दिवसभरात पाय थोडा सुजतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यावं. नेहमीचे मोजे घालून, दोन्ही पायांवर भार देऊन कागदावर उभं राहावं आणि पेन सरळ धरून रेघ काढावी. दोन पायांत थोडा फरक निघतोच. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा. दुकानात आतला सोल काढता येत असेल तर तो जमिनीवर ठेवून त्यावर उभं राहावं. पाय दोन्ही बाजूंनी सोलबाहेर सांडत असेल तर तो बूट तिथेच परत द्यावा. सर्वांत लांब बोटापुढे सेंटिमीटरभर, हाताच्या अंगठ्याच्या आडव्या जाडीहून कमी जागा पुरते. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही. अनेकांचं त्याच्या शेजारचं बोट पुढे असतं.

यालाच जोडून येणारं वाक्य म्हणजे "वापरून सैल होतील." लेदर रुंदीत थोडं पसरतं, चवड्याजवळ पायाचा आकार घेतं, हे खरं आहे. सिंथेटिक जवळजवळ पसरत नाही. लांबीत तर कुठलाच बूट वाढत नाही. बोटं पुढे टेकत असतील तर पंधरा दिवस सोसून काही साधत नाही, नखं मात्र काळी पडतात.

"जेन्युइन लेदर लिहिलंय, म्हणजे उत्तम लेदर"

हा शिक्का फक्त एवढंच सांगतो की वस्तू चामड्याची आहे. गाईम्हशीचं कातडं जाड असतं, बुटाच्या वरच्या भागाला साधारण दीड-दोन मिलिमीटर पुरतं, म्हणून ते आडवं चिरून थर काढतात. केसांच्या बाजूच्या वरच्या थरात तंतू घट्ट विणलेले असतात. टिकाऊपणा तिथे आहे. खालच्या थराचे तंतू सैल असतात. त्यावर पॉलियुरेथेनचा लेप देऊन, वरच्या थरासारखी दाणेदार नक्षी दाबून उठवली की दिसायला तोही तसाच होतो. दोन्ही 'जेन्युइन'च. युरोपीय संघाने 1994 मध्ये बुटांच्या लेबलांसाठी नियम केला तो यासाठीच: लेप 0.15 मिलिमीटरहून जाड असेल तर ते नुसतं 'लेदर' न म्हणता 'लेप दिलेलं लेदर' म्हणून दाखवावं लागतं.

दुकानात ओळखायचं कसं? वरचा भाग अंगठ्याने आत दाबावा. चांगल्या लेदरवर बारीक, अनियमित सुरकुत्या उमटतात आणि विरतात. जाड लेपाचं कातडं प्लास्टिकसारखं एकसंध दबतं. बिनदुमडीची कडा दिसत असेल तर ती पाहावी. तंतू दिसायला हवेत. लेपाचा बूट काही महिन्यांत घडीच्या रेषेवर तडकतो आणि तडकलेला लेप पॉलिशने भरून येत नाही.

तरीही लेदरच घ्या असं मी म्हणणार नाही. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर लेदरचा बूट ओला होतो, वाळायला दोन दिवस घेतो आणि कपाटात त्यावर बुरशी चढते. त्या चार महिन्यांसाठी जाळीदार सिंथेटिक बूट अधिक शहाणपणाचा.

"नवे बूट कपाटात जपून ठेवलेत, ते कुठे जातात?"

हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो दऱ्याखोऱ्यांत माणसाला तोंडघशी पाडतो. महागाचे बूट लग्नाला, सहलीला म्हणून खोक्यात राहतात. पाच-सहा वर्षांनी ते काढून कुणी गडावर जातं आणि अर्ध्या वाटेत सोल चुरा होऊन गळू लागतो. फसवणूक झाल्यासारखं वाटतं, पण कारण रासायनिक आहे. हलक्या, फेसाळ सोलसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेनच्या, म्हणजे पीयूच्या, काही प्रकारांतले बंध पाण्याने हळूहळू तुटतात. त्यासाठी बूट भिजायला लागत नाही, हवेतली वाफ पुरते. उष्णता आणि दमटपणा जितका जास्त, तितकं हे लवकर घडतं. आपल्या किनारपट्टीइतकं अनुकूल हवामान त्याला क्वचितच मिळत असेल.

रबर आणि ईव्हीए (फेसाळ प्लास्टिकचा एक प्रकार) यांच्यात हा दोष अशा रीतीने येत नाही. ईव्हीए वापराने दबून चपटा होतो, रबर झिजतं, पण ते डोळ्यांना दिसत जातं. पीयू अचानक जातो. म्हणून दुकानदाराला थेट विचारावं, "सोल पीयूचा की रबरचा?" पीयूचा बूट वाईट नाही. तो हलका आणि मऊ असतो, मात्र साठवून ठेवण्यासाठी नाही, घालून संपवण्यासाठी असतो. माळ्यावर बंद प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नये, कारण आत कोंडलेला ओलावा बाहेर पडत नाही. जुने बूट ट्रेकला काढण्याआधी सोलच्या बाजूला अंगठा जोरात दाबून पाहावा. बारीक भेगा दिसल्या किंवा पावडर हाताला लागली तर ते बूट दारापुढेही जाऊ देऊ नयेत.

"शिलाईचा बूट पक्का, पेस्टिंगचा कच्चा"

यात अर्धं सत्य आहे. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर ज्युनिअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रावर आणलेल्या शिलाईत वरचा भाग आणि सोल यांच्यामध्ये लेदरची एक पट्टी असते. सोल त्या पट्टीला शिवलेला असल्याने तो उसवून नवा बसवता येतो. असा बूट महाग पडतो, जड असतो, सुरुवातीला कडक लागतो, पण दोन-तीनदा सोल बदलून वर्षानुवर्षं चालतो. मात्र कडेने दिसणारी प्रत्येक शिलाई तशी नसते. अनेक बुटांत ती शोभेची असते किंवा सोलमध्येच साच्यात ओतलेली असते. उलट, आज बाजारातले बहुसंख्य बूट चिकटवलेलेच असतात आणि नीट चिकटवलेला बूट आपल्या सोलचं आयुष्य संपेपर्यंत सुटत नाही.

कोपऱ्यावरच्या मोचीकडून नव्या बुटाला शिलाई मारून घ्यायची आपली पद्धत रबरी कपसोलच्या, म्हणजे कडा वर आलेल्या सोलच्या बुटाला खरोखर उपयोगी आहे. फेसाळ सोलच्या धावण्याच्या बुटाला तीच शिलाई अपाय करते: दोरा फेस कापत जातो आणि सुईच्या भोकांतून पाणी आत येतं.

"पावसाळी ट्रेकला वॉटरप्रूफ आणि उंच बूट हवेतच"

वॉटरप्रूफ बुटातला गोअर-टेक्ससारखा पडदा वाफ बाहेर सोडतो तो आत ओलावा आणि ऊब जास्त, बाहेर कमी असेल तेव्हा. हिमालयातल्या कोरड्या थंडीत हे उत्तम चालतं. जुलैत सह्याद्रीत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, मग घाम आतच राहतो. ओढा ओलांडताना पाणी घोट्याच्या वरून शिरतं आणि वॉटरप्रूफ बूट ते आत तितक्याच निष्ठेने धरून ठेवतो. इथे पाणी झटकन निथळू देणारा बूट हवा.

घसरण्याचंही तसंच. खोल नक्षी चिखलात कामाची, पण ओल्या कातळावर पकड देतं ते मऊ रबर. नख रुतवून पाहावं. किंचित खळगा पडला तर रबर मऊ. महाराष्ट्रातल्या ट्रेकर मंडळींत ॲक्शन या ब्रँडचे साधे ट्रेकिंग शूज वर्षानुवर्षं लोकप्रिय आहेत ते कातळावरच्या या पकडीमुळे, किमतीला महत्त्व असलं तरी. शेवाळावर मात्र कुठलाही सोल भरवशाचा नाही.

उंच बुटाने घोटा मुरगळत नाही हेही ठाम सांगता येत नाही. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बास्केटबॉल खेळणाऱ्या 600 हून अधिक विद्यार्थ्यांना उंच आणि बुटके बूट वाटून दिले होते. मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. दगड, काटे यांपासून उंच बूट संरक्षण देतो आणि पाठीवर ओझं असताना अनेकांना त्यात बरं वाटतं, एवढं नक्की.

"जितका मऊ, तितका आरामाचा"

दुकानातली दोन मिनिटं मऊपणाच जिंकतो. मेमरी फोम अंगाच्या उष्णतेने आणखी मऊ होतो आणि काही तासांनी पाय त्यात डगमगू लागतो. टाचेमागचा भाग चिमटीत दाबल्यावर सहज चेपू नये. बूट चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. पिळून पाहिल्यावर फडक्यासारखा वळला तर दिवसभर उभं राहण्यासाठी तो नाही.

बूट कुठलाही असो, ओला झाला तर तो उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नये; लेदर कडक होतं, गोंद ढिला पडतो. वर्तमानपत्राचे बोळे आत भरावेत, तासा-दोन तासांनी बदलावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावा. तळव्यांवर घामाच्या ग्रंथी फार दाट असतात, त्यामुळे दिवसभर घातलेला बूट रातोरात पूर्ण वाळत नाही. दोन जोड आलटून पालटून घातले तर दोन्ही जास्त टिकतात.

मधुमेह असलेल्यांनी मात्र "चावत नाही, म्हणजे बसला" या खुणेवर विसंबू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर बूट चावतोय हे कळतच नाही, आणि घट्टपणाच जाणवत नसल्याने माणूस नकळत लहान नंबर निवडतो. त्यांनी माप दर वेळी मोजूनच घ्यावं, नवा बूट पहिल्या दिवशी तास-दोन तासच घालावा आणि काढल्यावर बोटांच्या कडा, टाच लाल झाली आहे का ते पाहावं, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणाला पाहायला सांगावं. रोज बूट घालण्याआधी आत हात फिरवावा. खडा, उसवलेला टाका किंवा वर आलेला खिळा पायाआधी बोटांना लागतो.