कठडा ओलांडण्याची शिक्षा

नगरच्या केडगावातल्या एका टेनिस बॉल स्पर्धेत मी स्कोअर लिहायला बसलो होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. मैदान म्हणजे पडीक रान आणि सीमारेषा म्हणजे चुन्याची फक्की. फक्कीपासून हातभर अंतरावर माणसं उकिडवी बसलेली. दुपारी सीमेवर उभ्या असलेल्या एका पोराची बहीण त्याचा डबा घेऊन आली. तिथं बसलेल्या टोळक्यातून तिच्यावर काहीतरी बोललं गेलं. पहिल्यांदा त्यानं नुसतं वळून पाहिलं. दुसऱ्यांदा बोललं गेलं तेव्हा त्यानं फक्की ओलांडली आणि एकाची गचांडी धरली. मारलं नाही. धरली आणि सोडली.

पंच कमिटी जमली आणि पाच मिनिटांत माईकवरून पुकारा झाला, खेळाडू स्पर्धेतून बाद. त्याच्या नावापुढं ‘गैरवर्तन’ हा शब्द वहीत मी माझ्या हातानं लिहिला. टोळकं होतं तिथंच बसून राहिलं. बहीण डबा तसाच घेऊन घरी गेली.

आपल्या माणसासाठी प्रेक्षकाच्या अंगावर गेलेल्या खेळाडूला शिक्षा झाल्याची बातमी आली की मला ती वही आठवते. अशा बातम्या गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ आल्या. त्या एका ओळीत मांडून बघितल्या तर शिक्षेचा हिशेब कुठं चुकतो ते दिसतं.

सुरुवात प्रेक्षकांच्या रागापासून, आणि आपल्याच माणसापासून करतो. 1971 साली अजित वाडेकरांच्या संघानं आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. मुंबईनं त्यांना डोक्यावर घेतलं. तीन वर्षांनी, 1974 च्या इंग्लंड दौऱ्यात भारत तिन्ही कसोट्या हरला, लॉर्ड्सवर तर सगळा संघ 42 धावांत गारद झाला. त्यानंतर वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड आले. खेळात हरला तो कर्णधार. दगड आले ते घरावर. वाडेकरांची कारकीर्द त्याच वर्षी संपली. दगड मारणाऱ्यांची नावं आज कुणाला सांगता येणार नाहीत. मैदानावरचा राग खेळाडूच्या उंबऱ्यापर्यंत पोचतो, हे मराठी घरांनी तेव्हा पाहिलं.

असाच राग सुनील गावसकरांच्या वाट्याला आला. 1985 च्या जानेवारीत इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर त्यांच्यावर फळं फेकली गेली, घोषणा झाल्या. ते कुणाच्या अंगावर गेले नाहीत. पण 1987 च्या फेब्रुवारीत पाकिस्तानविरुद्धची कसोटी त्याच मैदानावर आली तेव्हा ते खेळले नाहीत, आणि सलग 106 कसोट्या खेळण्याचा त्यांचा विक्रम तिथंच थांबला. प्रेक्षकांच्या वागण्याची किंमत खेळाडूनं स्वतःच्या खात्यातून भरली.

त्याच गावसकरांची दुसरी गोष्ट त्यांचा मुलगा रोहन यानं पुढं सांगितली. 1993 साली मुंबई पेटलेली असताना त्यांना गच्चीवरून दिसलं की एका कुटुंबाला जमावानं घेरलंय. गावसकर धावत खाली गेले, जमावापुढं उभे राहिले आणि म्हणाले की या कुटुंबाला जे काही करायचंय ते आधी मला करावं लागेल. जमाव हटला, कुटुंब सुखरूप निघून गेलं. ते कुटुंब त्यांच्या नात्यातलंही नव्हतं. ही गोष्ट ऐकताना प्रत्येकाची छाती फुगते. त्यांनी शिस्त मोडली असं कुणाच्या मनातही येत नाही.

हा प्रसंग मी मापाला धरतो. गावसकर आडवे झाले, अंगावर गेले नाहीत. आपल्या भाषेनं हे दोन शब्द वेगळे ठेवलेत ते उगाच नाही. संकट आणि माणूस यांच्या मधे जो उभा राहतो तो आडवा होतो. ज्याला समोरच्याला धडा शिकवायचा असतो तो अंगावर जातो. पुढचे सगळे प्रसंग मी याच फरकानं बघतो.

25 जानेवारी 1995 ला लंडनमधल्या सेलहर्स्ट पार्कवर मँचेस्टर युनायटेडचा एरिक कँटोना बाहेर जात असताना एका प्रेक्षकानं त्याला शिव्या दिल्या. कँटोनानं कठड्यावरून उडी घेऊन त्याला लाथ घातली. त्याला सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आणि 120 तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. त्याच्या घरातलं कुणी धोक्यात नव्हतं, हे सरळ अंगावर जाणं होतं. शिक्षा रास्त होती. त्या प्रेक्षकावरही खटला चालला, त्यालाही दंड झाला, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण असं फार वेळा घडत नाही.

1997 च्या सप्टेंबरात टोरांटोला भारत-पाकिस्तान सामन्यात इंझमाम-उल-हक बॅट मागवून घेऊन प्रेक्षकांत शिरला. भोंगा घेतलेला एक जण त्याला ‘आलू’ म्हणून चिडवत होता, एवढंच आपण वर्षानुवर्षं हसत सांगत आलो. पुढं पाकिस्तानच्याच वकार युनूसनं सांगितलं की तिथून मोहम्मद अझरुद्दीनच्या पत्नीबद्दल वाईट बोललं जात होतं आणि इंझमामला ते सहन झालं नाही. अझरुद्दीन म्हणजे समोरच्या, भारताच्या संघातला. इंझमामवर दोन सामन्यांची बंदी आली. बॅट हातात घेऊन माणसांत शिरणं चूकच, आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी होती. पण त्या आवाजाला आधी कुणीच का थांबवलं नाही, हा प्रश्न शिक्षेच्या कागदावर आला नाही.

2012 च्या जानेवारीत सिडनीला विराट कोहलीनं प्रेक्षकांना बोट दाखवलं. सामन्याच्या मानधनातली निम्मी रक्कम दंडात गेली. त्यानंतर त्यानं जाहीरपणे विचारलं की गर्दी आई-बहिणीवरून आजवर ऐकलेलं सर्वांत घाण बोलते तेव्हा काय करायचं. त्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

2020 च्या मार्चमध्ये टोटनहॅमचा फुटबॉलपटू एरिक डायर नॉर्विचविरुद्धचा सामना हरल्यावर खुर्च्या ओलांडत प्रेक्षकांत गेला. तिथं त्याला शिव्या देणाऱ्या प्रेक्षकाशी त्याच्या धाकट्या भावाची बाचाबाची झाली होती. डायरनं कुणाला मारलं नाही. तरी चार सामन्यांची बंदी आणि 40,000 पौंडांचा दंड झाला, कारण त्याचं वागणं धमकावणारं ठरलं. हे उदाहरण मला अजून अवघड वाटतं. भावासाठी त्याचा जीव तुटला हे खरं. पण तो पोचला तोवर भावाला मार बसायचा धोका होता का, की फक्त जाब विचारायचा होता? जाब विचारायला पंच आहेत, पोलिस आहेत. थोडी शिक्षा मी मान्य करीन, चार सामने नाही.

पुढच्याच वर्षी, 2021 च्या जानेवारीत, नगर जिल्ह्यातल्या माणसानं तिसरी वाट दाखवली. सिडनीच्या कसोटीत मोहम्मद सिराज सीमेवर उभा होता. दोनच महिन्यांपूर्वी त्याचे वडील गेले होते आणि तो दौरा सोडून घरी आला नव्हता. प्रेक्षकांतून त्याच्यावर वर्णावरून शिवीगाळ झाली. तो कठड्याकडे गेला नाही, कर्णधाराकडे गेला. कर्णधार होता अजिंक्य रहाणे, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. रहाणे पंचांकडे गेला. पंचांनी सांगितलं की हवं तर तुम्ही मैदान सोडू शकता. रहाणेचं म्हणणं असं की आम्ही खेळायला आलोय, आम्ही का जावं, बोलणाऱ्यांना बाहेर काढा. खेळ थांबला, पोलिस आले आणि सहा जणांना बाहेर काढलं.

या प्रसंगाला एक शेपूट आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. क्रिकेट ऑस्ट्रेलियानं चौकशी केली. शिवीगाळ झाली हे खरं ठरलं, पण बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हते असंही निघालं. शांत डोक्यानं, पोलिस हाताशी असताना, इतके कॅमेरे असतानाही माणूस चुकीचा धरला गेला. मग डोक्यात तिडीक गेलेल्या खेळाडूच्या हाताला नेमका दोषी माणूस कसा सापडणार? खेळाडूनं गर्दीत हात उचलू नये, याचं मला पटलेलं सर्वांत भक्कम कारण हेच आहे. शिवी एकानं दिलेली असते आणि फटका शेजारच्याला बसतो.

रहाणेची वाट चालली, कारण पंचांनी ऐकलं. ऐकणारं कुणी नसेल तर काय? त्याआधी ऐकलं गेल्याचा आणखी एक प्रसंग. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुबईला भारत पाकिस्तानकडून हरला. त्यानंतर मोहम्मद शमीवर धर्मावरून झालेल्या शिवीगाळीच्या विरोधात कोहली बोलला, आणि वर्षाचीही न झालेल्या त्याच्या मुलीला बलात्काराची धमकी आली. मुंबई पोलिसांनी हैदराबादच्या एका तरुणाला पकडलं. खेळाडूला कुठला कठडा ओलांडावा लागला नाही, कायद्याचा हात वेळेवर पोचला. आपलं माणूस सुरक्षित आहे अशी खात्री असली की खेळाडूला मूठ वळावी लागत नाही.

ती खात्री नव्हती 10 जुलै 2024 ला, अमेरिकेतल्या शार्लट शहरात. कोपा अमेरिकेच्या उपांत्य सामन्यात उरुग्वे कोलंबियाकडून 1-0 नं हरला. उरुग्वेच्या खेळाडूंची बायका-मुलं त्यांच्या बाकांच्या मागंच बसली होती, कोलंबियाच्या पाठीराख्यांच्या गराड्यात. सामना संपताच तिथं हाणामारी सुरू झाली. डार्विन नुन्येस आणि त्याचे सोबती प्रेक्षकांत चढले. नंतर उरुग्वेच्या होसे मारिया हिमेनेसनं सांगितलं की तिथं एकही पोलिस नव्हता आणि आमची तान्ही लेकरं त्या गर्दीत होती. थोड्या वेळानं नुन्येस आपल्या लहानग्या मुलाला कडेवर घेऊन मैदानात उभा असलेला सगळ्या जगानं पाहिला.

प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा कमालीचे संतापले होते. त्यांचं म्हणणं असं की शिक्षा खेळाडूंना नको, ज्यांनी त्यांच्यावर ही वेळ आणली त्यांना करा. दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघानं नुन्येसला पाच सामन्यांची बंदी आणि 20,000 डॉलर दंड केला. रॉड्रिगो बेंटांकुरला चार, आणखी तिघांना प्रत्येकी तीन सामन्यांची बंदी झाली. एकूण अकरा खेळाडूंवर कारवाई झाली.

त्यातल्या काहींनी ठोसे मारले, वस्तू फेकल्या. तेवढ्याची शिक्षा व्हावी. पण बायका-लेकरांना उघड्यावर बसवून मधे एक दोरखंडही न बांधणारा आयोजक आधी दोषी आहे. मूल गर्दीत चेंगरायला लागलंय आणि बापानं अर्ज लिहून वाट बघावी, अशी अपेक्षा कुठलाही नियम करू शकत नाही. खेळाडू कोट्यवधी कमावतो म्हणून त्यानं ऐकून घ्यावं, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की पैसे त्याला मिळतात, त्याच्या लेकराला नाही. शिव्या खाण्याचा करार त्याच्या बायकोनं केलेला नसतो.

आपला कायदा यात खेळाच्या नियमांपेक्षा शहाणा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेनं स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं रक्षण करण्याचा हक्क मानला होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनंही तो ठेवला. त्याला दोन बांध घातलेत. पोलिसांकडं जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि रक्षणासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. हे दोन प्रश्न कुठल्याही शिस्तपालन समितीनं विचारावेत. मदत मागायला कुणी होतं का? आणि माणूस वाचल्यावरही हात चालूच राहिला का? पहिल्याचं उत्तर ‘कुणी नव्हतं’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर तो खेळाडू आडवा झाला होता. त्याला शिक्षा नको.

मी हे खेळाडूंची कड घेऊन बोलतोय असं वाटू नये. 2 फेब्रुवारी 2025 ला आमच्या नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या लढतीनंतर शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली. त्याला तीन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं. निकालावर कितीही वाद असो, पंचाच्या अंगावर पाय टाकणं माफ करण्यासारखं नाही. निकालाचा राग वेगळा, स्वतःच्या अपमानाचा राग वेगळा आणि आपल्या माणसाच्या जिवाची भीती वेगळी. या तिन्हींना एकच कलम लावणं हा आळस आहे.

खरं तर यावरचा उपाय आमच्या भागाला जुना माहीत आहे. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा हगामा भरतो तेव्हा आखाड्याभोवती लोक दाटीवाटीनं बसतात, आणि काठ्या घेतलेली चार दांडगी माणसं त्यांना सतत मागं सारत असतात. नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेला गर्दी लोटते तेव्हा बाया-लेकरांच्या रांगेला कठडे लागतात. गर्दी आणि माणूस यांच्या मधे कुणीतरी उभं असावं लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ते कुणीतरी आयोजकानं आधी नेमायचं असतं. नेमलं नाही तर खेळाडूच मधे येतो, आणि मग आपण त्यालाच बाद करतो.

आमच्या त्या मैदानावर दोन पोरांना काठ्या देऊन फक्कीपाशी उभं करायला काही खर्च येणार नव्हता. कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. त्या पोरानं गचांडी धरली, त्याबद्दल एक सामना बाहेर बसवलं असतं तर त्यानं मुकाट्यानं मान्य केलं असतं असं मला वाटतं. पण आधी टोळक्याला उठवायला हवं होतं. कमिटीनं माईकवरून त्या बहिणीची माफी मागायला हवी होती. आणि वहीत मी एका नावापुढं जो शब्द लिहिला, तो आणखी काही नावांपुढं लिहायला हवा होता. त्यात कमिटीचं नाव असतं, आणि स्कोअर लिहिणाऱ्याचंही.