मद्रास केव्हां पडलें? : इंग्रज-फ्रेंच युद्धारंभींच्या तारखांविषयीं

कर्नाटकांतील पहिल्या इंग्रज-फ्रेंच युद्धाच्या आरंभाचीं साधनें आतां विपुल छापून निघालीं आहेत. परंतु दोन्ही पक्षांचे कागद शेजारीं ठेवून वाचूं लागलें म्हणजे अभ्यासक बुचकळ्यांत पडतो. इंग्रजी कागदांप्रमाणें मद्रास फ्रेंचांच्या स्वाधीन झालें तें 10 सप्टेंबर 1746 रोजीं; फ्रेंच कागदांप्रमाणें 21 सप्टेंबर रोजीं. दोहोंकडील लेखक प्रत्यक्ष पाहणारे, आणि चूक कोणाचीच नाहीं.

फ्रान्सनें पोप ग्रेगरीची सुधारलेली कालगणना 1582 सालींच स्वीकारली. इंग्लंड जुन्या गणनेस 1752 पर्यंत चिकटून राहिलें, व त्या वर्षीं 2 सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं 14 सप्टेंबर लिहून त्यानें अंतर भरून काढलें. हें अंतर सतराव्या शतकांत 10 दिवसांचें, 1700 नंतर 11 दिवसांचें. शिवाय इंग्रजांचें कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या इंग्रजी पत्रांतील सालही तपासून घ्यावें लागतें.

हा केवळ पंचांगाचा खेळ नव्हे. मद्रास घेणारा ला बूर्दोने यानें 11 लक्ष होनांच्या खंडणीवर शहर परत देण्याचें कबूल केलें. पुदुचेरीचा गव्हर्नर डुप्ले यानें तें नबाब अन्वरुद्दीनास देऊं म्हणून आधींच सांगून ठेवलें होतें. या तंट्यांत वादळानें ला बूर्दोनेच्या आरमाराची धूळधाण केली, आणि तो 23 ऑक्टोबरला मद्रास सोडून गेला. पुढें अड्यार नदीवर परादीच्या लहानशा तुकडीनें नबाबपुत्र महफूजखानाच्या मोठ्या फौजेचा मोड केला, त्या लढाईची इंग्रजी तारीख 24 ऑक्टोबर. दोन्ही तारखा एका माळेंत ओंवल्या कीं ला बूर्दोने गेल्याच्या दुसऱ्याच दिवशीं लढाई झाली असें दिसतें. वस्तुतः पहिली तारीख नवी व दुसरी जुनी. लढाई नव्या गणनेनें 4 नोव्हेंबरची. मधले अकरा दिवस असे गडप झाले म्हणजे मद्रासला पडलेला नबाबाचा वेढा आणि किल्ल्यांतून बाहेर पडून फ्रेंचांनीं केलेला हल्ला यांस जागाच उरत नाहीं, व डुप्लेनें नबाबाला दिलेलें वचन कसें मोडलें हेंही कळेनासें होतें.

पडताळ्याचें सोपें साधन म्हणजे वार. गणना कोणतीही असो, वार एकच असतो. 10 सप्टेंबर जुना व 21 सप्टेंबर नवा, दोन्ही बुधवार. 10 सप्टेंबर नवा धरला तर शनिवार येतो. तिथि तर याहून बोलकी. खऱ्या तारखेनें मद्रास नवरात्रांत पडलें; चुकीनें वाचल्यास पितृपक्षांत. वादळाची जुनी 2 ऑक्टोबरची रात्र म्हणजे नवी 13 ऑक्टोबरची, दिवाळीच्या तोंडावरची काळोखी रात्र. तीच नवी समजली तर कोजागिरी नुकतीच सरलेली, आणि आकाशांत मोठा चंद्र.

डुप्लेच्या पदरींचा आनंद रंग पिळ्ळे याची तमिळ रोजनिशी येथें फार उपयोगी पडते. तिचें इंग्रजी भाषांतर 1904 ते 1928 या काळांत बारा खंडांत मद्रासेस निघालें. या रोजनिशींत तमिळ मास व संवत्सर येतात, हा तिसरा साक्षीदार. मात्र शके 1668 चा आमचा ‘क्षय’ संवत्सर तमिळ गणनेंत ‘अक्षय’ म्हणून लिहितात. नांवाच्या उलट अर्थानें फसूं नये.

आमच्या प्रांतींही हीच अडचण आहे. पोर्तुगीज नवी गणना पाळीत, मुंबईकर इंग्रज जुनी; वसईच्या शरणागतीच्या 5 मे व 16 मे 1739 या दोन तारखा म्हणजे एकच दिवस होय.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं नक्कल करतांना तारीख परस्पर बदलूं नये. मूळांत असेल तशी उतरावी, वार असल्यास तो गाळूं नये, आणि रूपांतरित तारीख हवीच असेल तर समासांत निराळ्या शाईनें लिहावी.